ऑफिसची साइट म्हणते इंटरनेट एक्सप्लोरर हवा आणि लॅपटॉपवर आहे लिनक्स, मग काय काय करायचं

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात डिस्पॅच आणि बिलिंग माझ्याकडे आहे. माल ट्रकमध्ये चढायच्या आधी गिऱ्हाईक कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवर इन्व्हॉइस, ई-वे बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट अपलोड करायचं, तिथून एक नंबर मिळतो, तो चलनावर लिहायचा, आणि नंबर नसेल तर त्यांच्या गेटवर ट्रक उभाच राहतो नि ड्रायव्हर दर अर्ध्या तासानं फोन करतो. घरचा लॅपटॉप जुना, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ चढेना, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टपण संपला, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं. लॅपटॉप पळायला लागला, प्रिंटर चालला, सगळं मस्त. आणि मग एका शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरून पोर्टल उघडलं तर पांढऱ्या पानावर एकच ओळ, ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा. युजरनेम-पासवर्डचे डबेसुद्धा दिसेनात.

त्या रात्री स्कूटर काढून कारखान्यात जाऊन काम केलं कारण ट्रक पहाटे निघायचा होता, पण नंतरचे तीन-चार रविवार बसून हा प्रश्न मुळापासून समजून घेतला. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी अशाच एका साइटपायी लिनक्स काढून टाकलंय, आणि मला ते खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा अडचण तेवढी मोठी नसते. फक्त साइट नेमकी कशामुळे अडवतेय हे आधी ओळखावं लागतं. ते न ओळखता यूट्यूबवर दिसेल तो उपाय करत बसलं की दिवस जातो.

आधी निदान

साइट तुम्हाला अडवते ती चारपैकी एका कारणानं. एक, ती फक्त ब्राउझरचं नाव विचारते आणि नाव ओळखीचं नसेल तर दार लावते. दोन, साइट खरोखरच जुन्या तंत्रावर बांधलेली असते, ॲक्टिव्हएक्स (पानाच्या आत चालणारे विंडोजचे छोटे प्रोग्राम) वगैरे, जे आजच्या कुठल्याच ब्राउझरमध्ये थेट चालत नाही. तीन, साइटला तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलेला एखादा प्रोग्राम किंवा डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन लागतं. चार, कंपनीच्या आयटीनं ठरवलेलं असतं की आमच्या नोंदणीतल्या मशीनवरूनच लॉगिन होईल.

कुठलं कारण आहे ते पाच मिनिटांत कळतं. साइट उघडा, एफ१२ दाबा, वर कन्सोल नावाचा टॅब आहे तो उघडा आणि पान रिफ्रेश करा. पान लगेच 'ब्राउझर चालणार नाही' असं सांगून मोकळं होत असेल आणि कन्सोलमध्ये लाल काही नसेल तर बहुतेक पहिलं कारण. लाल अक्षरात ॲक्टिव्हएक्सऑब्जेक्ट इज नॉट डिफाइन्ड किंवा अटॅचइव्हेंट इज नॉट अ फंक्शन असं काही आलं तर दुसरं. सगळं नीट दिसतंय, लॉगिन होतंय, आणि सही करायच्या बटणावर चाक फिरत राहतं, ते तिसरं. आणि पासवर्ड बरोबर घातल्यावर मायक्रोसॉफ्टच्या पानावर डिव्हाइस, कम्प्लायंट, ॲडमिन असले शब्द आले की चौथं, तिथे ब्राउझरशी खेळण्यात काही अर्थ नाही.

अजून एक वेगळीच भानगड असते, पान उघडतच नाही आणि टीएलएसच्या, म्हणजे साइटशी कुलूपबंद बोलायच्या पद्धतीच्या, व्हर्जनची एरर येते. म्हणजे सर्व्हर इतका जुना की टीएलएस १.० किंवा १.१ वरच बोलतो, आणि ते क्रोम नि फायरफॉक्स दोघांनी २०२० मध्ये बंद केलं. त्यावर तुमच्याकडून काही करण्यापेक्षा साइटवाल्यांना फोन करा, पासवर्ड आणि बिलं अशा जोडणीवरून पाठवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

नाव विचारणाऱ्या साइट

ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःची एक ओळ पाठवतो, तिला युजर एजंट म्हणतात. त्यात ब्राउझरचं नाव, व्हर्जन आणि विंडोज की लिनक्स हे सगळं असतं. या ओळीचा इतिहास गुंतागुंतीचा आहे, आज जवळपास प्रत्येक ब्राउझर सुरुवातीला मोझिला ५.० असंच सांगतो, क्रोम स्वतःला सफारीपण म्हणवतो, आणि एज तर क्रोम, सफारी दोन्ही नावं घेऊन शेवटी एज लिहितो, तेही इंग्रजी ईडीजी एवढंच, शेवटचा ई गाळून. म्हणजे वर्षानुवर्षं साइट नाव बघून अडवत आल्या आणि ब्राउझर नाव जोडून आत शिरत आले. तुम्ही ही ओळ बदलली तर तांत्रिकदृष्ट्या काही बिघडत नाही.

फायरफॉक्समध्ये असं करा. आधी वेगळं प्रोफाइल बनवा, कारण ओळ बदलली की ती सगळ्या साइटना जाते, आणि सहा महिन्यांनी तीच ओळ जुनी होऊन बँकेची साइट 'ब्राउझर अपडेट करा' म्हणायला लागते. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं सलग टाइप करून एंटर दाबा, क्रिएट अ न्यू प्रोफाइल, नाव द्या 'ऑफिस', आणि लाँच प्रोफाइल इन न्यू ब्राउझर. आता या नव्या खिडकीत अबाउट, कोलन, कॉन्फिग टाइप करा, सावधगिरीची सूचना येईल ती स्वीकारा, वरच्या शोधाच्या जागी जनरल डॉट युजरएजंट डॉट ओव्हरराइड लिहा. हे सेटिंग आधी नसतं, म्हणून खाली बुलियन, नंबर, स्ट्रिंग असे तीन पर्याय दिसतील, त्यातलं स्ट्रिंग निवडून अधिकच्या खुणेवर क्लिक करा आणि ओळ पेस्ट करून बरोबरची खूण दाबा.

ओळ आणायची कुठून? हातानं टाइप करू नका, एक कंस चुकला तरी गडबड. कारखान्यातल्या किंवा मित्राच्या विंडोजवर जे ब्राउझर त्या साइटला चालतं ते उघडा, गुगलवर 'व्हॉट इज माय युजर एजंट' शोधा, आलेली ओळ कॉपी करून स्वतःला मेल करा. साइट फक्त लिनक्सला नाही म्हणत असेल तर विंडोजवरच्या फायरफॉक्सची ओळ घ्या, क्रोमची घेऊ नका, कारण आत फायरफॉक्सच आहे आणि साइटनं क्रोमसाठीचा वेगळा कोड पाठवला तर पान अर्धवट चालेल. एवढं करूनही साइट लिनक्स ओळखत असेल तर ती ब्राउझरमधली नॅव्हिगेटर प्लॅटफॉर्म ही दुसरी नोंद वाचतेय, त्यासाठी तसंच जनरल डॉट प्लॅटफॉर्म डॉट ओव्हरराइड हे सेटिंग बनवून त्यात इंग्रजीत विन३२ लिहा, चौसष्ट बिटच्या विंडोजवरही तिथे विन३२ च येतं.

क्रोम किंवा क्रोमियममध्ये एफ१२, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत मोर टूल्स, मग नेटवर्क कंडिशन्स, तिथे युजर एजंटच्या खाली 'यूज ब्राउझर डिफॉल्ट'ची खूण काढायची आणि यादीतून विंडोजवरचं क्रोम किंवा एज निवडायचं. हे एफ१२ ची पट्टी उघडी असेपर्यंतच टिकतं, बंद केली की परत लिनक्स. पण क्रोमवाले ब्राउझर या ओळीशिवाय क्लायंट हिंट्स नावाची वेगळी माहितीपण पाठवतात आणि नुसती ओळ बदलणारी साधी एक्स्टेंशन्स तिथे पकडली जातात, म्हणून मी अशा कामाला फायरफॉक्सच धरतो, तो या हिंट्स पाठवतच नाही.

आणि साइटला फक्त एज हवं असेल तर एवढी उठाठेव करायच्या आधी मायक्रोसॉफ्ट एजच टाकून बघा. लिनक्ससाठी एज नोव्हेंबर २०२१ पासून अधिकृतपणे मिळतं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डेब फाइल उतरवा, डबल क्लिक करा, झालं. हे कित्येकांना माहीतच नसतं.

माझ्या व्हेंडर पोर्टलवर ओळ बदलल्यावर लॉगिनचे डबे आले, आत गेलो, पीओची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरींची, यादी आली, आनंद झाला. मग इन्व्हॉइसच्या तारखेच्या शेजारी कॅलेंडरचं जे छोटं चित्र आहे त्यावर क्लिक केलं तर काहीच होईना. तारखेच्या डब्यात हातानं लिहिता येत नाही, तो राखाडी. कन्सोलमध्ये लाल ओळ, शोमोडलडायलॉग इज नॉट अ फंक्शन. एक खिडकी उघडायची आणि तीत तारीख निवडेपर्यंत मागचं पान थांबवून ठेवायचं अशी ती जुनी सोय होती, क्रोमनं २०१४ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये काढून टाकली. म्हणजे दार उघडलं पण आतलं घर जुनंच. इथून पुढे दुसरा रस्ता.

खरोखरच जुन्या साइट

ॲक्टिव्हएक्स १९९६ सालचं, इंटरनेट एक्सप्लोररसाठी केलेलं, आणि ते फक्त विंडोजवर चालतं. मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर ११ स्वतःच १५ जून २०२२ ला निवृत्त केला आणि त्याऐवजी विंडोजवरच्या एजमध्ये आयई मोड, म्हणजे जुनी साइट इंटरनेट एक्सप्लोररसारखी उघडायची सोय, ठेवला, तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं सांगितलंय. लिनक्सवरच्या एजमध्ये आयई मोड नाही, शोधत बसू नका. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची सोय) जुना इंटरनेट एक्सप्लोरर चढवायच्या कृती सापडतील, मी दोन रविवार घालवले, खिडकी उघडते पण ॲक्टिव्हएक्सचे भाग नीट चालत नाहीत, तुमचे रविवार वाचवा.

मग उरतं काय, तर विंडोज कुठेतरी हवाच. तो एकतर ऑफिसात आहे आणि तुम्ही लांबून वापरता, नाहीतर लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आभासी कॉम्प्युटरमध्ये, बसवता.

ऑफिसात चालू मशीन असेल तर तेच सोपं. मिंट किंवा उबुंटूमध्ये रेमिना नावाचा प्रोग्राम आहे, त्यात आरडीपी (विंडोज मशीन लांबून वापरायची पद्धत) निवडून मशीनचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड घालायचा. ऑफिसातलं विंडोज प्रो असावं लागतं, होमवर बाहेरून आरडीपी घेता येत नाही. आणि कळकळीनं सांगतो, राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट उघडून थेट इंटरनेटवर ठेवू नका, कितीही घाई असली तरी. त्या पोर्टावर जगभरातून रात्रंदिवस पासवर्ड मारून बघणारे आहेत. आधी कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट, मगच आरडीपी. व्हीपीएन सिस्को एनीकनेक्ट, ग्लोबलप्रोटेक्ट किंवा फोर्टिनेटचा असेल तर लिनक्सवर ओपनकनेक्ट त्यांच्याशी बोलतो.

ऑफिसात मशीन चालू ठेवायची सोय नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम. लॅपटॉपला किमान ८ जीबी रॅम आणि मोकळी ६४ जीबी जागा हवी, एसएसडी नसेल तर मी सांगेन की आधी एसएसडी टाका मगच हे करा. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, इंटेलवर ते व्हीटी-एक्स नावानं असतं, एएमडीवर एसव्हीएम. मग मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हर्च्युअलबॉक्स टाका. व्हर्जन ७.० किंवा पुढचं घ्या, त्यात आभासी टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही आहे, म्हणून ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ टीपीएम नाही म्हणून बसलं नाही त्याच लॅपटॉपच्या पोटात ते बसतं. विंडोज बसवायची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा. लायसन्सचं स्पष्ट बोलायचं तर लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम लायसन्स व्हर्च्युअल मशीनला लागू होत नाही, वेगळं लागतं, ते शेठना सांगून कंपनीकडून घ्या, काम कंपनीचंच आहे. आधी जमतंय का ते बघायला एंटरप्रायझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट फुकट देतं.

नवीन मशीन बनवताना ४ जीबी रॅम, २ प्रोसेसर, ६४ जीबी डिस्क. विंडोज बसलं की वरच्या डिव्हाइसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्स (आतलं विंडोज बाहेरच्या लिनक्सशी जोडणारे ड्रायव्हर) टाका, मग शेअर्ड फोल्डर्समध्ये लिनक्सचं एक फोल्डर द्या, मी 'डिस्पॅच' नावाचं दिलंय, इन्व्हॉइसची पीडीएफ लिनक्समध्ये तिथे ठेवायची, आत विंडोजमध्ये दिसते.

आता आतल्या विंडोजवर एज उघडा, सेटिंग्ज, डिफॉल्ट ब्राउझर, तिथे 'अलाउ साइट्स टू बी रीलोडेड इन इंटरनेट एक्सप्लोरर मोड' ला अलाउ करून एज परत चालू करा. त्याच पानावर खाली इंटरनेट एक्सप्लोरर मोड पेजेसची यादी असते, त्यात लॉगिन पानाचा पूर्ण पत्ता घाला, नुसतं साइटचं नाव चालत नाही, तिरक्या रेघेनंतरचंही सगळं हवं. मग पान उघडलं की पत्त्याच्या डाव्या बाजूला जुना निळा ई दिसतो, तो दिसला म्हणजे जमलं. यादीत घातलेलं पान ३० दिवसांनी आपोआप निघून जातं, ही गोष्ट लक्षात ठेवा नाहीतर बरोबर महिन्यानं पुन्हा पांढरं पान दिसेल आणि तुम्ही सगळं नव्यानं शोधत बसाल. मी दर महिन्याच्या १ तारखेला फोनवर रिमाइंडर लावलाय.

माझं कॅलेंडर इथे उघडलं. छोटी राखाडी खिडकी, त्यात जुन्या पद्धतीची तारखांची जाळी, तारखेवर क्लिक केलं आणि डब्यात तारीख येऊन बसली, नंबर आला.

टोकन आणि सही

रावपुऱ्यात आमच्या ओळखीच्या एक वहिनी घरून आठ-दहा दुकानांचे हिशेब आणि रिटर्न्स बघतात, त्यांच्या उबुंटूवर डीएससी चालेना म्हणून मला बोलावलं. चहा झाला, टोकन लावलं, त्याचा छोटा दिवा लागला आणि वहिनी म्हणाल्या, "दिवा तर लागतोय हो, मग साइटला का दिसत नाही?" दिवा लागणं म्हणजे फक्त वीज पोचली. टोकन ब्राउझरला दिसायला मध्ये दोन थर लागतात, एक पीसीएससीडी नावाची सेवा आणि दुसरा टोकनचा ड्रायव्हर. सेवा सॉफ्टवेअर सेंटरमधून टाकता येते, ड्रायव्हर टोकन देणाऱ्या कंपनीच्या साइटवर लिनक्ससाठी आहे का बघायचा, असेल तर तोच घ्या. मग फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, अगदी खाली सिक्युरिटी डिव्हाइसेस, लोड, आणि ड्रायव्हरची फाइल दाखवायची. वहिनींचं घोडं तिथेच अडलं होतं: उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप पॅकेजमध्ये येतं, ते बंद पेटीत चालतं आणि बाहेरच्या ड्रायव्हरपर्यंत त्याचा हात पोचत नाही. स्नॅप काढून मोझिलाकडूनच मिळणारं डेब पॅकेज टाकलं आणि सर्टिफिकेट दिसलं. मिंटवर हा त्रास नाही.

पिन मात्र अंदाजानं मारू नका. काही चुकांनंतर टोकन लॉक होतं आणि मग नवीन डीएससीची खटपट.

जीएसटीसारख्या पोर्टलवर सही ब्राउझर स्वतः करत नाही, एमसाइनर नावाचा प्रोग्राम तुमच्याच मशीनवर एक पोर्ट उघडून बसतो, जीएसटीचा १५८५, आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतं. चाक फिरत राहतं तेव्हा बहुतेक हा प्रोग्राम चालू नसतो, नाहीतर ब्राउझरला त्याचं स्थानिक सर्टिफिकेट मान्य नसतं. तोच पत्ता एचटीटीपीएस लावून, शेवटी कोलन नि १५८५ घालून वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि ते सर्टिफिकेट स्वीकारा. आणि दुकान प्रोप्रायटरशिपचं असेल तर डीएससीची गरजच नाही, ईव्हीसी म्हणजे ओटीपीनं रिटर्न भरता येतो. वहिनींच्या बहुतेक दुकानांचं तेच होतं, टोकन फक्त एका प्रायव्हेट लिमिटेडसाठी लागत होतं.

टोकन व्हर्च्युअलबॉक्सच्या आत न्यायचं असेल तर तुमचं नाव व्हीबॉक्सयूजर्स या ग्रुपमध्ये हवं. मिंटमध्ये यूजर्स अँड ग्रुप्स उघडून तुमच्या नावाच्या ग्रुप्समध्ये त्याची खूण करा, मग लॉग आउट करून परत या, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. मग डिव्हाइसेस, यूएसबी, टोकनचं नाव. एकदा आत गेलं की बाहेर लिनक्सला ते दिसणार नाही, दोन्हीकडे एकदम नाही.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. ऑफिसातल्या मशीनला टोकन लावून ठेवलं आणि घरून आरडीपीनं शिरलात तर ते टोकन दिसणार नाही. आरडीपीच्या सेशनमध्ये विंडोज स्वतःला लावलेला स्मार्टकार्ड रीडर दाखवत नाही, फक्त तुमच्या बाजूनं पाठवलेला दाखवतो. एनीडेस्कसारखा प्रोग्राम समोरचाच पडदा दाखवतो, तिथे दिसतं. मात्र अशा वेळी टोकन मशीनला कायम लावून ठेवू नका, काम झालं की कोणाला तरी सांगून काढून कपाटात ठेवायला लावा, ती कोणाची तरी सही आहे.

चौथं कारण, जिथे युक्ती करायची नाही

कंपनीनं ठरवलं असेल की नोंदणीतल्याच मशीनवरून लॉगिन, तर युजर एजंट बदलून घुसायचा प्रयत्न करू नका. एक तर बहुतेक जमत नाही, आणि जमलं तरी तो नियम मोडणं आहे, नोकरीवर येऊ शकतं. सरळ आयटीला मेल करा. कंपन्या मशीनची नोंदणी ज्यातून ठेवतात ते मायक्रोसॉफ्ट इंट्यून उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या, आवृत्त्यांना चालतं, बरोबर लिनक्सवरचं एज लागतं, म्हणजे कंपनीनं परवानगी दिली तर तुमचा लॅपटॉप रीतसर नोंदवता येतो. मिंट त्यांच्या यादीत नाही, त्यासाठी उबुंटू टाकावं लागेल. काही कंपन्या सिट्रिक्स, म्हणजे ऑफिसचा डेस्कटॉप लांबून वापरायची सोय, देतात, त्याचं लिनक्सवरचं ॲप बरंच चांगलं चालतं.

मेल लिहिताना 'लिनक्सवर चालत नाही' एवढंच लिहू नका, उत्तर येतं विंडोज वापरा. साइटचा पत्ता, ब्राउझरचं नाव नि व्हर्जन, नेमका कुठल्या बटणावर अडतंय, कन्सोलचा स्क्रीनशॉट, आणि हे काम किती वाजता कशासाठी लागतं हे लिहा. मी आमच्या गिऱ्हाईक कंपनीच्या व्हेंडर डेस्कला असाच मेल पाठवला, त्या कॅलेंडरच्या लाल ओळीचा फोटो जोडून, आणि विचारलं की तारखेचा डबा हातानं लिहिण्यासाठी उघडा करता येईल का. दीड महिन्यानं तो डबा पांढरा झाला. आता इन्व्हॉइस चढवायला मला फायरफॉक्सचं ऑफिस प्रोफाइल पुरतं, व्हर्च्युअल मशीन फक्त टेस्ट सर्टिफिकेटच्या पानासाठी उघडतो, आणि त्या पानाबद्दलचा मेल गेल्या सोमवारी गेलाय.